सहकाराच्या सांगली-साताऱ्यात विजेची सोसायटी का झाली नाही?

कृष्णाकाठचा

आपल्याकडं कशाची सोसायटी नाही ते सांगा. ऊस, दूध, सूत, द्राक्षं, कोंबड्या, पतपेढी, नदीतून पाणी उचलायच्या योजना. वाळव्यापासून कराडपर्यंत हात लावाल तिथं सहकार. मग विजेची सोसायटी का झाली नाही?

प्रश्न पोरकट वाटेल, पण मिरजेहून चिकोडीमार्गे हुक्केरी काही फार लांब नाही. त्या तालुक्यात खांब, तारा, डीपी म्हणजे ट्रान्सफॉर्मर, मीटर, बिलं सगळं एका सहकारी संस्थेचं आहे. १९६९ ची नोंदणी, आणि संस्था आजही चालू. संचालक मंडळाची निवडणूक लागली की पॅनेल पडतात, मोठे पुढारी उतरतात. म्हणजे भाषा कन्नड सोडली तर सगळा कारभार आपल्या ओळखीचा.

थोडी पार्श्वभूमी देतो. १९६५-६६ आणि ६६-६७ असे लागोपाठ दोन दुष्काळ पडले. तोवर ग्रामीण विद्युतीकरण म्हणजे गावात चार दिवे लागले की झालं, असा हिशेब होता. दुष्काळानंतर सरकारचं लक्ष दिव्यावरून विहिरीवरच्या पंपाकडं वळलं. रिझर्व्ह बँकेनं नेमलेल्या, बी. वेंकटप्पय्या यांच्या अध्यक्षतेखालच्या ग्रामीण पतपुरवठा आढावा समितीनं या कामासाठी वेगळं महामंडळ काढा असं सुचवलं, आणि जुलै १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ म्हणजे आरईसी निघालं. सुरुवातीच्या भांडवलात पीएल-४८० या अमेरिकी धान्य योजनेचा पैसा होता. आपल्या आज्यांनी नाकं मुरडत ज्या लाल मिलोच्या भाकरी थापल्या, ते अमेरिकी धान्य आपण रुपयांत घेत होतो. ते रुपये इथंच साठत गेले आणि त्यातले काही असे खांबातारांत गेले.

अमेरिकेत शेतकऱ्यांच्या वीज सहकारी संस्था तेव्हा तीसेक वर्षं चालू होत्या. त्यांच्या राष्ट्रीय संघटनेचे तज्ज्ञ इकडं आले आणि नमुना म्हणून पाच राज्यांत पाच संस्था उभ्या राहिल्या: आंध्रात सिरसिल्ला, तेव्हाच्या म्हैसूर राज्यात हुक्केरी, गुजरातेत कोडीनार, उत्तर प्रदेशात लखनऊजवळ एक, आणि महाराष्ट्रात मुळा-प्रवरा.

महाराष्ट्राच्या वाट्याची ती एक नगर जिल्ह्यात गेली. पुढं तिच्या जोडीला राज्यात दुसरी उभी राहिली नाही. सांगलीत तर वसंतदादांसारखा माणूस होता, कारखाना होता, सभासद होते. मग आपल्या लोकांनी विजेत हात का घातला नाही? माझा अंदाज मी नंतर सांगेन. आधी जाणकारांनी बोलावं.

फेज_गेला

झाली असती तर चेअरमनच्या डीपीवर चोवीस तास लाईट, आणि आमच्या डीपीवर पाटी: "सभासदांनी सहकार्य करावे."

निवृत्त_वायरमन

हसायचं ठीक आहे, पण माझी सगळी नोकरी खांबावर गेली, म्हणून दोन गोष्टी लिहितो.

राज्याचं वीज मंडळ १९६० साली निघालं. कोयनेची वीज १९६२ पासून सुरू झाली. आपला पट्टा कोयनेच्या पायथ्याला, त्यामुळं मोठ्या लाइनी आणि सबस्टेशनं आपल्याकडं नगरच्या आत आली असं म्हणायला हरकत नाही. आरईसीची योजना येईतो नदीकाठच्या गावांत मंडळाचे खांब रोवून झाले होते. ज्याच्या दारात खांब उभा आहे तो सोसायटी कशाला काढेल? कोरडवाहू भागात लाइन नव्हती, पण तिथं पाणीही नव्हतं. पंप कशावर लावणार? आटपाडी-जतला लाइन नेऊन खर्च निघणार नाही हे अमेरिकेच्या साहेबालाही कळत होतं.

दुसरी गोष्ट जरा कडू आहे. शेतीला वीज देणं म्हणजे तोटा कुठं होतो ते बघत बसणं. एका डीपीवर पंचवीस-तीस मोटरी. डीपीपासून शेवटच्या मोटरीपर्यंत उघडी एलटी, म्हणजे कमी दाबाची लाइन, कधी कधी किलोमीटरभर. लाइन जेवढी लांब तेवढं व्होल्टेज पडतं. व्होल्टेज पडलं की मोटर जास्त अँपिअर ओढते, तार तापते, लाइनीतला तोटा वाढतो. शेवटची मोटर आधी जळते, मग मालक रिवाइंडिंगवाल्याकडं. त्यात लोकांना कपॅसिटर बसवा म्हणून सांगून जीभ झिजली. पाच एचपीच्या पाटीची मोटर रिवाइंड करून साडेसातची केलेली मी किती बघितली, ते विचारू नका. एवढं सगळं झाल्यावर डीपी जळणार नाही तर काय होईल? आणि डीपी जळाला की गाव वायरमनच्या दारात.

सोसायटी असती तर हे दुखणं सोसायटीला झालं असतं. तारेला मालक कोण ते कळत नाही. तिला लांबी आणि जाडी एवढंच कळतं.

कृष्णाकाठचा

काका, शेवटची दोन वाक्यं लिहून ठेवली. पण मालक बदलला की डीपीवर किती मोटरी चढवायच्या याचा निर्णय बदलू शकतो ना? अमेरिकेत नेमकं तेच झालं असं वाचलंय. तिकडचं कोणी आहे का?

आयोवाचा_पाहुणा

आहे. मूळ गाव इस्लामपूरजवळ, सध्या मक्याच्या समुद्रात. घराची वीज सहकारी संस्थेचीच आहे, म्हणजे मी रीतसर सभासद. वर्षातून एकदा वार्षिक सभेची नोटीस येते, जेवण असतं, लकी ड्रॉ असतो, संचालकांची निवडणूक होते. इस्लामपूर आठवतं अगदी. फक्त इथं कोणी माईक हिसकावत नाही.

इतिहास असा. १९३५ च्या सुमारास अमेरिकेच्या शहरांत दहातल्या नऊ घरांत वीज होती आणि शेतावरच्या घरांत दहातल्या जेमतेम एकात. खाजगी कंपन्या म्हणायच्या, मैलभर तार ओढायची आणि तीन घरं मिळायची, परवडत नाही. मे १९३५ मध्ये रूझवेल्टनं ग्रामीण विद्युतीकरण प्रशासन काढलं, पुढच्या वर्षी त्याचा कायदा झाला. सरकारला वाटलं होतं कर्ज स्वस्त केलं की कंपन्या खेड्यात जातील. त्या गेल्या नाहीत. अर्ज घेऊन आले ते शेतकरी. पाच डॉलर सभासद फी भरून त्यांनी संस्था काढल्या. १९४४ च्या कायद्यानं कर्ज दोन टक्के व्याजानं, पस्तीस वर्षांच्या मुदतीनं मिळायला लागलं. १९५३ पर्यंत नव्वद टक्क्यांहून जास्त शेतांवर वीज पोचली होती.

यात दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे संस्थेनं आपल्या हद्दीतल्या सगळ्यांना वीज द्यायची, फायद्याची घरं निवडायची नाहीत, ही अट. कंपन्यांनी त्यात खोडा घातला. संस्था लाइन आखायला लागली की कंपनी रातोरात मधल्या चांगल्या घरांपर्यंत आपली लाइन ओढायची, म्हणजे उरलेली दूरची घरंच संस्थेच्या गळ्यात. दुसरी गोष्ट म्हणजे संस्था तारांपाशी थांबल्या नाहीत. विकत घ्यायची वीज महाग पडते म्हटल्यावर अनेक संस्थांनी मिळून वीज तयार करणाऱ्या आणि वाहून नेणाऱ्या वरच्या पातळीच्या संस्था काढल्या. त्यांची स्वतःची वीज केंद्रं आहेत. काही भागांत सरकारी धरणांची वीज संस्थांना आधी द्यायची असा नियमच होता.

शिल्लक राहिली तर ती ज्यानं जेवढी वीज वापरली त्या प्रमाणात त्याच्या नावावर जमा होते आणि बऱ्याच वर्षांनी परत मिळते. ते पैसे हातात पडेपर्यंत माणूस विसरलेला असतो, हा भाग वेगळा. आज इथं अशा नऊशेच्या आसपास संस्था आहेत आणि देशाच्या निम्म्याहून जास्त भूभागावर त्यांच्या तारा आहेत.

श्रीरामपूरची_लेक

मुळा-प्रवराचं नाव निघालं म्हणून लिहितेय. माहेर श्रीरामपूर, सासर पलूस. त्यामुळे दोन्ही जिल्ह्यांच्या सहकाराचे टोमणे मला दोन्हीकडून ऐकावे लागतात.

आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना ज्या प्रवरेच्या काठावर निघाला, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांचा, त्याच भागात ही वीज संस्था निघाली. योगायोग नाही तो. १९७० च्या सुरुवातीला तिनं वीज वाटायला घेतली. राहुरी, श्रीरामपूर, राहाता आणि संगमनेर-नेवाशाचा काही भाग, मिळून पावणेदोनशेच्या वर गावं. खांब तिचे, ऑफिसं तिची, माणसं तिची. नगर जिल्ह्यात असून बिलावर मंडळाचं नाव नसायचं याचं आम्हाला लहानपणी काही वाटायचं नाही. मंडळ नावाची वस्तू बाहेरच्या लोकांना असते एवढंच माहीत.

अडचण अशी होती की संस्थेची स्वतःची वीज नव्हती. ती मंडळाकडून घाऊक दरानं घ्यायची आणि सभासदांना विकायची. विकायची कोणाला? बहुतेक शेतीपंपांना. आणि शेतीपंपाचा दर सरकार ठरवणार. मंडळानं सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मीटर सोडून एचपीवर बिल लावायला सुरुवात केली. शेजारच्या तालुक्यात मंडळाचा शेतकरी एचपीवर ठोक पैसे भरतोय म्हटल्यावर संस्थेला आपल्या सभासदाकडून जास्त मागता येईल का? घ्यायचा दर वरून ठरतो, विकायचा दर वरून ठरतो, मधला तोटा मात्र संस्थेचा. मंडळाला हाच तोटा होत होता, पण मंडळाकडे मुंबई-पुण्याच्या आसपासचे कारखाने होते. त्यांच्या बिलातून शेतीची भर निघायची. संस्थेच्या हद्दीत असे कारखाने किती? साखर कारखान्यांना तर हंगामात स्वतःचीच वीज असते.

घाऊक दर किती असावा यावर मंडळ आणि संस्था वर्षानुवर्षं भांडत राहिल्या. संस्था म्हणायची दर कमी करा आणि अनुदान द्या, मंडळ म्हणायचं आधी बाकी भरा. थकबाकी व्याजासकट वाढत वाढत दोन हजार कोटींच्या पुढं गेली. शेवटी राज्य वीज नियामक आयोगानं त्या भागाचा परवाना मंडळातूनच निघालेल्या महावितरणला दिला आणि १ फेब्रुवारी २०११ पासून महावितरणनं तिथं वीज द्यायला घेतली. संस्थेचे खांब-तारा वापरल्याचं भाडं किती, यावर मग वेगळी भांडणं.

राजकारण नव्हतं असं मी म्हणणार नाही. नगरमध्ये राजकारणाशिवाय चहासुद्धा होत नाही. पण "पुढाऱ्यांनी खाल्ली" एवढ्या एका वाक्यात ती संस्था मिटवू नका. साधू-संत संचालक असते तरी या गणितात बुडाली असती. फार तर थोडी उशिरा.

माणदेशी

ताई, प्रतिसाद आवडला पण शेवटचं पटलं नाही. गणित वाईट होतं हे मान्य. वसुलीचं काय? ज्याचं कनेक्शन तोडायचं तोच मतदार. मंडळाचा इंजिनिअर बदलून जातो, त्याला शिव्या देऊन लोक मोकळे. सोसायटीच्या चेअरमनला त्याच गावात राहायचंय आणि पाच वर्षांनी त्याच माणसाच्या दारात हात जोडायला जायचंय. तो तारेवरचे चोरीचे आकडे काढेल का?

श्रीरामपूरची_लेक

आकडे मंडळाच्या हद्दीत नव्हते का, दादा? २००४ च्या निवडणुकीआधी सरकारनं शेतीची वीज फुकट केली आणि पुढच्या वर्षी ती सवलत गुंडाळली. त्यानंतर बिल भरायची सवय कोणाची राहिली होती, ते माणमधल्या कुठल्याही डीपीखाली उभं राहून विचारा.

हिशेबनीस

मी पलूस तालुक्यातल्या एका सहकारी पाणीपुरवठा संस्थेचे हिशेब बघतो. नाव सांगत नाही, गरज नाही. धाग्याच्या प्रश्नात एक गोष्ट सुटतेय म्हणून लिहितो.

सांगलीत विजेची सोसायटी झाली नाही, हे खरं. पण विजेवर चालणाऱ्या सोसायट्या कृष्णाकाठी गावोगाव झाल्या. नदीवर जॅकवेल म्हणजे पाणी ओढायची विहीर, त्यात शंभर-दोनशे एचपीचे पंप, तिथून रायझिंग मेन म्हणजे मोठा पाइप वरच्या माळावर, वितरण कुंड आणि पुढं पाटानं शेकडो एकरांना पाणी. एकट्या शेतकऱ्याला नदीपासून दोन-तीन किलोमीटर पाइप नेणं जमत नाही, म्हणून संस्था. पंप तिच्या मालकीचे, उच्चदाबाचं कनेक्शन तिचं, ट्रान्सफॉर्मरसुद्धा तिचाच. फक्त वीज मंडळाची.

आमच्या वार्षिक खर्चाचा तक्ता काढला तर सगळ्यात मोठा आकडा वीजबिलाचा असतो. पगार, दुरुस्ती, कर्जाचा हप्ता हे सगळं त्याच्या मागं. तरीही चांगल्या संस्था बिल थकवत नाहीत, कारण पाणीपट्टी शेतकऱ्याच्या दारात जाऊन मागावी लागत नाही. ती ऊसबिलातून कपात होते. संस्था यादी पाठवते, कारखाना कापून आम्हाला देतो. शेतकरी कुरकुरतो, पण भरतो. भरतो म्हणण्यापेक्षा त्याच्या हातात यायच्या आधीच ते गेलेलं असतं.

माणदेशींच्या प्रश्नाचं माझ्या मते हे उत्तर आहे. आपल्याकडचा सहकार माणसांच्या चांगुलपणावर चालला नाही, कपातीवर चालला. सोसायटीचं कर्ज, पाणीपट्टी, खताची उधारी, भागविकास निधी, सगळं कारखान्याच्या काट्यावर वसूल. जिथं माल एका दारातून जातो तिथं सहकार टिकला. विजेला असं दार नाही. ज्याच्या शेतात ज्वारी आहे तो मोटर चालवतोच, पण त्याची ज्वारी कुठल्या काट्यावर जात नाही. सगळी हद्द उसाची असती तर विजेची सोसायटीही कपातीवर चालली असती, असं मला वाटतं.

निवृत्त_वायरमन

हिशेबनीस साहेबांचं म्हणणं सोळा आणे. एचटीचं, म्हणजे उच्चदाबाचं मीटर म्हणजे एकच मीटर, एकच ग्राहक. तिथून पुढचा तोटा तुमचा तुम्ही बघा. आणि खरंच बघतात. मोठ्या पाणी संस्थांच्या पॅनेल बोर्डावर कपॅसिटर नीट चालू असतात, कारण पॉवर फॅक्टर घसरला की बिलात दंड लागतो आणि सुधारला की सवलत मिळते. ज्याच्या खिशातून पैसा जातो त्याला मशीन आपोआप समजतं.

तेच एचपीवर ठोक बिल भरणाऱ्या माणसाला मोटर किती खाते याच्याशी देणंघेणं नसतं. पाच एचपीची मोटर तासाला चारेक युनिट खाते. रात्री दोनला लाईट येणार म्हणून ऑटो स्विच लावून झोपला, पाणी शेजारच्या बांधातून ओढ्याला गेलं, तरी बिल तेवढंच.

कोयनाखोरे

वीज कोणाची हा विषय निघालाच आहे तर पाटण तालुक्याचं ऐका.

धरण आमच्याकडं, जमीन आमची बुडाली, भूकंपही आम्हीच सोसला, १९६७ चा ११ डिसेंबर. वीज तयार होते डोंगराच्या पोटात पोफळीला आणि सुरुवातीपासून गेली मुंबईकडं. चारही टप्पे आणि धरणाच्या पायथ्याचं केंद्र धरून कोयना आज १,९६० मेगावॅटच्या घरात. धरणाच्या वरच्या अंगाच्या वाड्यांत मात्र रॉकेलचे दिवे कितीतरी वर्षं राहिले.

आयोवावाले दादा म्हणाले की तिकडं धरणाची वीज सहकारी संस्थांना आधी देतात. आपल्याकडं असा विचार कुणी केला असता तर? कोयनेच्या विजेचा ठरावीक हिस्सा, ठरावीक दरानं, सातारा-सांगलीच्या शेतकऱ्यांच्या संस्थांना. मग सांगलीतली विजेची सोसायटी चालली असती का नसती, ते बघितलं असतं. ते कोणी मागितलं नाही.

आणि पाण्याचाही प्रश्न आहेच. कृष्णेच्या पाणीवाटपाच्या बच्छावत लवादानं कोयनेतून पश्चिमेला वीज निर्मितीसाठी वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी सोडायला मुभा दिली. ते पाणी विजेचं काम करून वाशिष्ठीतून समुद्राला जातं. इकडं टेंभू, ताकारी, म्हैसाळ योजनांत कृष्णेचं पाणी वीज जाळून टप्प्याटप्प्यानं वर चढवून माण, आटपाडी, जतला न्यायचं. एकीकडं पाणी खाली सोडून वीज करायची, दुसरीकडं वीज वापरून पाणी वर चढवायचं. तेही बिल थकलं की पंप बंद.

माणदेशी

म्हैसाळ-टेंभूच्या बिलांचं दुखणं आमच्या रोजच्या पेपरात असायचं. आता ८१-१९ आहे, म्हणजे वीजबिलाचे ८१ टक्के सरकार भरणार आणि १९ टक्के पाणीपट्टीतून. त्याआधी दर उन्हाळ्याला तेच: पिकं वाळली, मोर्चा निघाला, मंत्र्यांनी टंचाई निधीतून बिल भरलं, पंप सुरू. हिशेबनीसांच्या कपातीचा नियम इथंही लागू पडतो. ज्या भागात पाणी आलं आणि त्यामागं ऊस आला, तिथं वसुली सुधारली. जिथं डाळिंब नाहीतर ज्वारी-बाजरी आहे तिथं रखडली.

कोयनेचं समुद्राला जाणारं पाणी इकडं वळवा, ही मागणी तर आमच्याकडं लहान पोरगंही सांगेल. तो वेगळा धागा होईल, इथं नको.

विट्याची_मधुरा

सगळे मुळा-प्रवरा आणि हुक्केरीवर बोलताय, सिरसिल्ल्याकडं कोणी बघत नाही. आमच्या विट्यात यंत्रमाग आहेत म्हणून मला त्या गावाचं कुतूहल. सिरसिल्लाही यंत्रमागाचं गाव, आता तेलंगणात. तिथली वीज संस्था १९७० पासून चालू आहे आणि अजून आहे. शेतीपंपांच्या जोडीला तिला यंत्रमागांचा ग्राहक मिळाला. माग वर्षभर आणि दिवसभर चालतो, गाळा एका जागी असतो, मीटर समोर असतं. शेतीला तोटा झाला तरी भर घालायला काहीतरी आहे. मागांनाही तिथं सवलत आहे हे खरं, पण सवलतीचे पैसे सरकारनं द्यायचे असतात आणि युनिटचा हिशेब तरी राहतो.

हुक्केरीचंही तसंच काहीसं वाटतं. कर्नाटकात १० एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे आणि त्याचं अनुदान सरकार वीज पुरवणाऱ्याला देतं. म्हणजे हुक्केरीच्या संस्थेची शेतीची वसुली शेतकऱ्याकडून करायचीच नाही, बेंगळुरूकडून करायची. पैसा उशिरा येतो म्हणून ओरड असते, पण येतो. शिवाय तालुक्यात संकेश्वरसारखी बाजारपेठ आहे. तेव्हा ती संस्था सचोटीनं टिकली आणि मुळा-प्रवरा लबाडीनं बुडाली, इतकं सोपं करू नये.

फेज_गेला

म्हणजे निष्कर्ष काय? जिथं शेतकऱ्याकडून पैसे मागावे लागत नाहीत तिथं शेतकऱ्यांची संस्था टिकते. वा!

आयोवाचा_पाहुणा

विनोद म्हणून ठीक, पण बांगलादेश बघा. १९७७ साली त्यांनी याच अमेरिकी नमुन्यावर ग्रामीण विद्युतीकरण मंडळ काढलं आणि त्याखाली पल्ली विद्युत समित्या, म्हणजे खेड्यांच्या वीज सहकारी संस्था. आज ऐंशी समित्या आहेत. गरीब भागातल्या समितीला घाऊक वीज कमी दरानं आणि ढाक्याजवळच्या, कारखाने असलेल्या समितीला जास्त दरानं. मुळा-प्रवरा ज्या दरावरून आयुष्यभर भांडली, तो प्रश्न तिथं सुरुवातीपासून रचनेतच धरला होता. तिथल्या समित्यांवर मंडळाचा लगाम फार आवळलेला आहे, सभासदाच्या हातात खरी सत्ता कमीच, हेही सांगून टाकतो. पण तारा उभ्या राहिल्या आणि बिलं वसूल झाली.

कृष्णाकाठचा

आता माझा अंदाज सांगतो, बराचसा तुम्हीच सांगून झालाय.

आपल्या पुढाऱ्यांना विजेचं महत्त्व कळत नव्हतं असं नाही. किर्लोस्करवाडी आपल्या दारात, पंप काय करतो हे आपल्याला देशाच्या आधी कळलं. पण साखरेत संस्था कारखान्याची मालक होती. माल सभासदाचा, यंत्र संस्थेचं, विक्रीही बऱ्याच अंशी संस्थेच्या हातात. विजेत संस्थेला मिळणार होत्या फक्त तारा. वीज मंडळाची, दर सरकारचा, परवाना सरकारचा. आमच्या लोकांनी हे गणित कागदावर मांडलं की नुसतं नाकानं ओळखलं, देव जाणे. त्यांनी तारा मंडळाला सोडल्या आणि पंप, पाइप, पाणी आपल्याकडं ठेवलं. वसुली जिथं होती तिथं सहकार, तोटा जिथं होता तिथं मंडळ. स्वार्थी म्हणा हवं तर, मला शहाणपणाचं वाटतं.

मात्र याचा एक तोटा झाला आणि तो आज दिसतोय. आपल्या पट्ट्यातले कारखाने गेली पंधरा-वीस वर्षं बगॅसवर, म्हणजे उसाच्या चोयटीवर वीज करून महावितरणला विकतात. ऊस सभासदाचा, चोयटी सभासदाची, वीज सहकारी कारखान्याची. ती ग्रीडला एका दरानं जाते आणि त्याच सभासदाच्या पाणी संस्थेला ग्रीडकडून दुसऱ्या दरानं परत विकत घ्यावी लागते. २००३ च्या वीज कायद्यात ग्रामीण भागात सहकारी संस्थांनी वीज वाटावी याला जागा ठेवली आहे, पाचव्या कलमात शब्दच आहेत तसे. वीज करणारी संस्था आपली, वापरणारी संस्था आपली. मधली तार तेवढी आपली नाही आणि ती आपली असावी असं कुणाला वाटतही नाही.

श्रीरामपूरची_लेक

पहिला भाग पटला. दुसऱ्यावर एक शंका. बगॅसची वीज प्रामुख्यानं गाळप हंगामात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च. पाण्याची खरी ओढ एप्रिल-मेमध्ये. तेव्हा ग्रीड लागणारच, आणि ग्रीड लागली की पुन्हा घाऊक दराचं भांडण.

कोयनाखोरे

म्हणून सौर. आमच्या पाटण तालुक्यातलं मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झालं. घरांचे दिवे, पंखे, पाणीपुरवठा, रस्त्यावरचे दिवे. उन्हाळ्यात ऊन जास्त आणि पाण्याची ओढही तेव्हाच. ताईंची शंका फिटते.

निवृत्त_वायरमन

वाडी छोटी आहे, काम चांगलं आहे. पण छतावरच्या पॅनेलवर घराचे दिवे लागतात, दोनशे एचपीचा पंप नाही ओढत. त्याला एकरभर तरी जागा बघून ठेवा.

हिशेबनीस

जागेवरून आठवलं. सौर कृषी वाहिनी योजनेत सबस्टेशनजवळची जमीन भाड्यानं मागतात. खाजगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख, म्हणजे एकरी पन्नास हजार, आणि दरवर्षी तीन टक्के वाढ. आमच्या दोन सभासदांनी चौकशी केली, माळाच्या खडकाळ रानाला एवढं भाडं कोण देणार म्हणून खुश आहेत. प्रकल्प कंपनीचा, वीज महावितरणला, शेतकरी जमीनमालक.

मी संचालकांपुढं एवढंच मांडलं की तोच माळ संस्थेनं घेतला आणि पॅनेल संस्थेनं बसवली तर आपल्या बिलात किती फरक पडेल, त्याचा निदान अंदाज काढू. तीन प्रश्न आले. कर्ज कोण देणार, पावसाळ्यात पंप बंद असताना तयार झालेली वीज कुठं जाणार आणि तिचा दर कोण ठरवणार. पहिल्याला जिल्हा बँक हे उत्तर आहे. दुसऱ्याला ग्रीड. तिसऱ्याला उत्तर तेच आहे जे मुळा-प्रवराला होतं, आणि एक संचालक लगेच म्हणाले, "मग नगरवाल्यांनी काय केलं ते आधी वाचून या." म्हणून मी हा धागा पहिल्यापासून वाचतोय. श्रीरामपूरच्या ताई, घाऊक दराबद्दलचे आयोगाचे जुने आदेश तुमच्याकडं असतील तर कळवा. सभा पुढच्या महिन्यात आहे.

श्रीरामपूरची_लेक

आयोगाच्या संकेतस्थळावर आहेत, शोधून दुवे पाठवते. पण काका, संचालकांना आदेश देऊ नका, कोणी वाचणार नाही. एका पानावर दोन रकाने करा: आपण वीज किती दरानं घेतो आणि सभासदाला पाणी एकरी किती दरानं देतो. दर साली दोन्ही कुठून कुठं गेले ते गेल्या दहा वर्षांचं मांडा. पहिला रकाना तुमच्या हातात कधीच नव्हता हे त्यांना दिसलं की मग कर्जाचं बोला.

हिशेबनीस

दहा वर्षांचे ताळेबंद आहेत. करतो.